मोरावालीचं पाचपरतावण

“अवो पावने! पोरगी बगायला आलाव का बैल बगायला? दात कसले मोजताव तिचे? सोडा तिचं तोंड. आदी सोडा!”

मी तेव्हा माझ्या गोडाऊनमध्ये शिडीवर चढून कनाती वरच्या फळीवर टाकत होतो. हा आवाज आला आणि शिडी हलली. मला वाढवून सांगायची सवय आहे असं लोक म्हणतात, पण शिडी हलली हे खरं आहे. फार तर मी हललो असेन आणि शिडी माझ्याबरोबर आली असेल. पत्र्याच्या भिंतीला एक खिडकी होती, तिच्यातून मी पलीकडच्या अंगणात डोकावलो. लाल खुर्चीतून अर्धवट उठलेला एक तरुण, नव्या टॉवरमधला, इस्त्रीच्या शर्टातला, एका तपकिरी कुत्रीचा जबडा दोन्ही हातांनी फाकवून उभा होता. त्याची बायको पोह्यांची बशी मांडीवर धरून थिजली होती. आणि त्यांच्यासमोर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, कमरेवर हात ठेवून काकी.

“काकू, मी फक्त वय बघत होतो. दातांवरून कळतं असं वाचलं होतं.”

“मी तुजं वय इचारलं? तुजे दात उगडून बगितले? मंग!”

तरुणाने जबडा सोडला. कुत्रीने तोंड मिटलं, अंग झटकलं आणि सावकाश चालत अंगणातल्या बाजेखाली जाऊन बसली.

“बगा, पोरीनं नाय म्हनलं,” काकी म्हणाली. “आता बसा. पोहे संपवा. टाकायचे नाय.”

त्यांनी संपवले. काकीच्या अंगणातून नकार घेऊन जायचं झालं तरी पोहे संपवल्याशिवाय उठता येत नसे.

तुम्ही पनवेलचे असाल तर ही बाई तुम्ही पाहिली असणार. मासळी बाजाराच्या बाहेर, डोक्यावर पाटी, पाटीत मासळी असेल म्हणून तुम्ही वाकून बघावं तर आतून दोन पिल्लं तुमच्याकडे बघतायत. किंवा हायवेवर, भर वाहतुकीत हात आडवा करून कंटेनर थांबवणारी. ड्रायव्हर खाली उतरून भांडायला येतो, आणि पुढच्या मिनिटाला तोच ड्रायव्हर लंगडं कुत्रं उचलून तिच्यामागे निघतो. विमानतळ होणार म्हणून आमच्या भागातले लोक आवाजाच्या काळजीत पडले होते. आमच्या गल्लीला काहीच वाटलं नाही. आम्हाला सवय होती.

माझा धंदा मंडप डेकोरेशनचा. पनवेल ते उरण या पट्ट्यात जी लग्नं टिकली, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर माझं कापड होतं. जी टिकली नाहीत ती दुसऱ्या डेकोरेटरची. गोडाऊन भाड्याने घेतलं तेव्हा मालकाने पाणी दाखवलं, वीज दाखवली, टेम्पो कुठे वळतो ते दाखवलं. शेजार दाखवला नाही.

शेजाराची ओळख एका सकाळी आपोआप झाली. मी शटर वर केलं, तर नवरदेवाच्या सिंहासनावर, लाल मखमलीवर, एक कुत्री बाळंत होऊन पडलेली. आता हे स्पष्ट करतो की मी कुत्र्यांना घाबरत नव्हतो. कुत्रं दिसलं की मला फक्त रस्त्याच्या पलीकडचं काहीतरी काम आठवायचं. त्या दिवशीही मला काम आठवलं आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बोंब मारली. पलीकडच्या घरातून काकी आली. तिने आत डोकावून बघितलं आणि माझ्याच गोडाऊनचं शटर माझ्याच तोंडावर अर्धं खाली ओढलं.

“वरडू नको. बालंतीन हाय.”

“अहो, परवा लग्न आहे! सिंहासन लागणार!”

“नवरा उबा ऱ्हाईल. तरनाबांड हाय ना?”

नवरा उभा राहिला. मी वधूपित्याला सांगितलं की उभ्याने रिसेप्शन ही आता मुंबईची पद्धत आहे. पुढच्या हंगामात दोन पार्ट्यांनी माझ्याकडे खास उभं रिसेप्शन मागितलं. त्या दिवसापासून काकी मला ‘मंडप्या’ म्हणायला लागली, आणि माझ्या फाटक्या कनाती, विटलेल्या गाद्या, कापूस निघालेले लोड भिंतीपलीकडे जायला लागले. तिच्या अंगणातली कुत्री पनवेलमधल्या कित्येक माणसांपेक्षा चांगल्या मखमलीवर झोपायची.

तिच्या सासरची एकेकाळी भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. सगळं गेलं, त्यावर इमारती आल्या. नवरा गेला. मुलगा डंपर चालवतो, म्हणजे चालवायला माणसं ठेवतो, आणि जवळच एका टॉवरमध्ये बायको-मुलासकट राहायला गेला. काकी मागे राहिली. जुनं बैठं घर, पुढे अंगण, अंगणात बाज, दोरीवर वाळत घातलेले बोंबील आणि बोंबलांकडे बघत बसलेला तिचा सगळा संसार.

या संसाराला नावं नव्हती. म्हणजे मोती, टायगर असली नव्हती. आपल्याकडे जुन्या बायका सुनेला तिच्या माहेरावरून हाक मारतात ना, तशी काकी कुत्र्यांना मारायची. कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना गाड्यांखाली येता येता वाचलेली ती तळोजावाली. गोदामावरचे वॉचमन बदलले तेव्हा मागे राहून गेलेला तो द्रोणागिरीवाला. हा एवढा आडवा होता की गल्लीत उभा राहिला तर टेम्पोवाले आरसे मिटून घ्यायचे. आणि ती तपकिरी, जिचे दात त्या तरुणाने मोजले, ती मोरावाली.

मोरा, उरणजवळचं बंदर, हे काकीचंही माहेर. भाऊ वारला तेव्हा ती गेली होती. परत निघाली तर जेट्टीपासून ही कुत्री मागे लागली. काकी रिक्षात बसली, ही तिच्या पायाशी चढून बसली. रिक्षावाला म्हणाला, कुत्रं खाली उतरवा. काकी म्हणाली, “ती मना उतरवत नाय, मी तिला कशाला उतरवू? आमी दोगी एका गावच्या.”

रेस्क्यूची पोरंपोरी गाडी घेऊन यायची. जखमी जनावरं आणायची, डॉक्टरकडे न्यायची, लशी टोचायची, ऑपरेशन झालेल्या कुत्र्याचा कान खुणेसाठी जरासा कापलेला असायचा. काकी त्यांना भाकरी खायला घालायची आणि शिव्याही घालायची, दोन्ही पोटभर. पण पिल्लू कुणाला द्यायचं हे ठरवायची वेळ आली की तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

“काकी, घर बघायला आम्ही जाऊन येतो ना,” एक मुलगी म्हणायची.

“घर बगून काय समजतंय? घर तर बिल्डर बी दाकवतो.”

मग सुरू व्हायचा बघण्याचा कार्यक्रम. खुर्च्या माझ्या, लाल, लग्नातल्या. पोहे तिचे. कुत्र्याला अंघोळ घालून, कपाळाला बोटभर कुंकू लावून आणलं जायचं. मग ती विचारायची. घरात मोठ्याने भांडतं कोण? गावाला गेलात तर हिला कुठे ठेवणार? ही दोन झाली की थांबायची आणि शेवटचं विचारायची, “म्हातारी झाली तर?”

हे विचारून ती पाव्हण्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. एक गृहस्थ म्हणाले, “तेव्हाचं तेव्हा बघू.” त्यांच्या हातातली बशी तिने काढून घेतली. पोहे न संपवता उठलेला माझ्या आठवणीतला तो एकटाच माणूस. बँकेतून रिटायर झालेलं एक जोडपं आलं होतं, त्यातल्या बाई म्हणाल्या, “आम्हीही होतोच आहोत की.” तळोजावाली त्याच दिवशी त्यांच्याबरोबर गेली.

पण गेली म्हणजे दिली, असं नव्हतं. खरी परीक्षा पुढे होती.

नवी नवरी पाचव्या दिवशी माहेरी येते, पाचपरतावणाला, हे तुम्हाला माहीत आहे. काकीचा हा नियम कुत्र्यांनाही होता. पाचव्या दिवशी पाव्हण्यांनी कुत्र्याला घेऊन यायचं. फाटकाशी उभं राहायचं. पट्टा सोडायचा. हाक मारायची नाही, टाळी वाजवायची नाही. आधी काकी त्यांचे खिसे चाचपायची, कारण लोक बिस्किटं घेऊन येतात. “लाच चालनार नाय,” म्हणायची. मग बाजेजवळ जाऊन उभी राहायची आणि कुत्र्याला म्हणायची, “जा घरा.”

कुठलं घर ते ती सांगत नसे. ते कुत्र्याने ठरवायचं. फाटकाकडे गेलं तर सासर पसंत. बाजेखाली गेलं तर सोयरीक मोडली, पोहे खा आणि निघा.

फाटकाकडे गेलं की काकी कधी मागे वळून बघत नसे. मोरीवर बसायची आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घ्यायची. मी खिडकीतून बघायचो. त्या पातेल्याचं बूड कागदासारखं पातळ झालं होतं. पुढे पुढे त्यातून पलीकडचं दिसायचं.

आता एक गोष्ट सांगतो, ती त्या खिडकीमुळे फक्त मला माहीत होती. पाव्हण्यांचे खिसे चाचपणारी ही बाई स्वतः चक्क लबाडी करायची. स्थळ मनातून पसंत नसलं की पाचव्या दिवशी तिच्या कमरेला, लुगड्याच्या खोच्यात, एक सुका बोंबील असायचा. बिचारे पाव्हणे हात जोडून फाटकात उभे, आणि इकडे कुत्र्याच्या नाकाला बोंबलाचा दरवळ! कुठलं कुत्रं फाटकाकडे जाईल? मीसुद्धा गेलो नसतो.

मोरावालीला तीन स्थळं आली. तिन्ही चांगली. दात मोजणाऱ्या त्या तरुणाला मी धरत नाही. तो पुन्हा आला, सोड्याचं कालवण करून घेऊन आला, माफी मागितली, आणि द्रोणागिरीवाल्याला घेऊन गेला. त्याच्या टॉवरची लिफ्ट तेव्हापासून हळू चालते म्हणतात. मोरावाली मात्र तिन्ही वेळा गेली, तिन्ही वेळा पाचव्या दिवशी परत आली आणि बाजेखाली शिरली. आणि तिन्ही वेळा खोच्यात बोंबील होता.

तिसऱ्या वेळी मी खिडकीतून म्हणालो, “काकी, लाच चालते वाटतं.”

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती बाजेवर बसली आणि पाय हलवत म्हणाली, “मंडप्या, माज्या पाचपरतावनाला मी बापाच्या घराचा दरवाजा धरून बसलेली. दोनी हातानं. आयेनं एकेक बोट सोडवलं आनि मना ढकलली. जा घरा, म्हनली. मना कोनी इचारलं नाय, कंचं घर.”

“मग?”

“मंग काय. नवरा बरा निगाला. पन ते नंतर. त्या दिशी ढकलली ना.”

मी काही बोललो नाही. ज्यांना माझी माहिती आहे त्यांना हे वाक्य खोटं वाटेल, पण हेही शिडीसारखंच खरं आहे.

माझी बायको मात्र कमीच बोलते. आमच्या घराच्या वाट्याला जेवढं बोलणं आलं तेवढं मी एकटाच वापरतो. मुलगी लग्न होऊन लांब गेली तेव्हापासून तर ती आठवडा-आठवडा ‘हं’वर काढते. ती गोडाऊनमध्ये झालरी शिवायला यायची. मोरावाली भिंतीला वळसा घालून यायची आणि तिच्या मशिनच्या पायट्याशी पडून राहायची. काम संपलं की बायको काकीच्या अंगणात जाऊन बसायची. दोघी सुकट निवडायच्या. एक गल्लीभर ओरडणारी, एक न बोलणारी. काय जमलं होतं दोघींचं, कोण जाणे. मला तिथे बसू देत नसत.

आणि मग काकीचं ते घर बिल्डरला द्यायचं ठरलं. मुलाने वाईट काही केलं नाही, हे सांगायला हवं. आजूबाजूची सगळी घरं गेली होती, शेजारच्या प्लॉटवर जेसीबी येऊन उभा होता, आणि काकीचे गुडघे आता बाजेवरून उठताना आवाज करत होते. आईला एकटं ठेवायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण नातवाला दमा होता. कुत्र्याचा केस उडाला तरी पोराची छाती बासरीसारखी वाजायची. तेव्हा टॉवरमध्ये काकी चालणार होती, कुत्रं चालणार नव्हतं.

काकीने ऐकून घेतलं आणि कामाला लागली. तो हंगाम माझ्याही लग्नांपेक्षा तिच्या लग्नांचा होता. माझ्या खुर्च्या तिच्या अंगणातून हलेनात. कामोठे, खांदा कॉलनी, उलवे, एकेक करून सगळी उजवली. रेस्क्यूच्या पोरांनी जीव तोडून स्थळं आणली. अंगण रिकामं होत गेलं. शेवटी उरली मोरावाली. तोंड पांढरं व्हायला लागलेली, तीनदा परत आलेली. तिच्यासाठी कोण येणार?

काकीने जाहीर करून टाकलं. “हिचं नाय जमलं तर मी हिला घेऊन मोऱ्याला जाते. भावाचं घर हाय.”

भावाचं घर मी पाहिलं होतं. त्याला तीन भिंती होत्या, आणि त्यातलीही एक विचार करत होती. मुलगा माझ्याकडे गोडाऊनमध्ये आला. डंपरचा मालक, हाताएवढी सोन्याची साखळी, आणि माझ्या लाल खुर्चीत बसून डोळे पुसायला लागला.

“दादा, आये बोलते ते करते. त्या खोपट्यात एकटी ऱ्हाईल. रात्री काय झालं तर? काय बी करा, पन त्या कुत्रीचं कुटंतरी जमवा.”

मी काय जमवणार? मी मनातल्या मनात गिऱ्हाइकांची यादी चाळत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

“मंडप्या! तुज्या घरात मोट्यानं भांडतं कोन?”

मी म्हणालो, “भांडायला दोघं लागतात काकी. आमच्याकडे बोलणारा एकच आहे.”

“गावाला गेलाव तर?”

“सीझनमध्ये मी घरी जात नाही, गावाला कुठला जातो?”

“म्हातारी झाली तर?”

मी कुत्र्यांना घाबरत नाही हे सांगितलंच आहे, पण घरात कुत्रं म्हणजे पलीकडे जायला रस्ताच नाही. मी मागे वळून पाहिलं. बायको मशिनवर बसली होती. तिने टाका तोडला.

“ती झालेलीच आहे,” बायको म्हणाली. “चालेल.”

पुढचे चार दिवस मी आणि मोरावाली एका घरात राहिलो. ती गॅलरीत असली की मी हॉलमध्ये. ती हॉलमध्ये आली की मला गॅलरीतल्या झाडांची आठवण यायची. ती नीट खात नव्हती. दाराकडे तोंड करून बसायची. चौथ्या दिवशी सकाळी मी चपला घालायला गेलो तर माझ्या एका चपलेवर हनुवटी ठेवून ती झोपली होती. तिला उठवायची हिंमत नव्हती. मी अनवाणी कामावर गेलो. पनवेल बाजारात दिवसभर अनवाणी फिरलो, लोकांनी विचारलं कुठला नवस, मी म्हणालो हो. पण त्या संध्याकाळी घरी जायची मला घाई होती, आणि घराची घाई मला कित्येक वर्षांत झाली नव्हती.

पाचवा दिवस. फाटकाशी मी उभा, बायको उभी. अंगणात सामान बांधून ठेवलेलं. मुलगा टेम्पो घेऊन आलेला. टेम्पो टॉवरकडे वळणार की उरणच्या रस्त्याला लागणार, हे एका कुत्रीच्या चार पायांवर होतं. त्याने शर्टाची कॉलर चावायला घेतली होती.

काकी आली. तिने नेहमीप्रमाणे माझे खिसे चाचपले. पँटचे. मग शर्टाचा, छातीवरचा. तिथे जरा जास्त वेळ थापटलं.

“लाच चालनार नाय,” ती म्हणाली.

“माझे खिसे रिकामेच असतात, काकी.”

“उबा ऱ्हा नीट.”

ती वळली. मी सवयीने तिच्या खोच्याकडे पाहिलं. खोचा सपाट होता. म्हणजे आज बाई खरं खेळणार! आज जे काय होईल ते खरं! ती बाजेजवळ जाऊन उभी राहिली आणि बायकोने पट्टा सोडला.

“जा घरा.”

मोरावाली मधोमध उभी राहिली. बाजेकडे गेली. पाय हुंगले, दोरी हुंगली, काकीचा पाय चाटला. मुलाने डोळे मिटले. मग तिने नाक वर केलं. थांबली. वळली. आणि माझ्याकडे आली, लोकहो, माझ्याकडे! दोन पाय छातीवर ठेवून उभी राहिली, आणि मी रस्त्याच्या पलीकडे गेलो नाही.

काकी मोरीवर जाऊन बसली होती. पातेलं बांधून झालं होतं, म्हणून नुसत्याच ओल्या दगडावरून हात फिरवत होती.

मोरावालीने मला कसं निवडलं हे मी पुढे पनवेलभर सांगितलं. हळदीत सांगितलं, साखरपुड्यात सांगितलं, घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. जनावराला माणूस कळतो, म्हणालो. बायको चहा ठेवून आत जायची.

खरं काय ते मात्र मला त्याच दिवशी कळलं होतं. घरी जायला माझ्या टेम्पोत बसलो तरी मोरावालीचं नाक माझ्या छातीवरून हलेना. मी खिशात बोटं घातली. आत एक सुका बोंबील होता. चांगला, सबंध, दोरीवरून निवडून काढलेला. त्या अंगणालाच वर्षानुवर्षं तो वास, मला वेगळा कुठून येणार? मी बोंबलाकडे बघितलं, मोरावालीने माझ्याकडे बघितलं. मी तो तिला देऊन टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. एकेक बोट सोडवून ढकलायला काकीला जमलं नसतं. तिने वास माझ्या खिशात ठेवला आणि स्वतःचा खोचा रिकामा केला.

काकी मुलाकडे राहायला गेली. नातवाला गोष्टी सांगून सांगून त्याचा आवाज आपल्यासारखा करून ठेवला. दुपारची कधीतरी रिक्षाने आमच्या इमारतीशी यायची आणि गेटजवळच्या कट्ट्यावर बसायची. वर येत नसे. बायको पाणी घेऊन खाली गेली तर हात आडवा करायची.

“लेकीच्या घरचं पानी पीत नाय.”

मोरावाली तिच्या मांडीत डोकं खुपसून पडायची. उन्हं कलली की काकी उठायची, लुगडं झटकायची आणि म्हणायची, “जा घरा.” मोरावाली क्षणभर तिच्या तोंडाकडे बघायची, मग जिन्याकडे चालू लागायची. एकदा मी मुद्दाम माझा खिसा उलटा करून काकीला दाखवला. रिकामा होता. ती आधी हसली नाही. मग एवढी हसली की वॉचमन खुर्ची सोडून बाहेर आला.

मला या बाईने काय दिलं याचा हिशोब मला मांडता येत नाही. एवढंच सांगतो, की हल्ली कुत्रं दिसलं तर मला रस्त्याच्या पलीकडचं काम आठवत नाही. आणि आमच्या घरात आता दोघं बोलतात. बायको मोरावालीशी बोलते. भरपूर बोलते. मी दाराआडून ऐकतो.

गेल्या वर्षी काकी गेली. सकाळी चहा घेतला, नातवाला शाळेच्या बसपर्यंत ओरडून पोचवलं, आणि जरा पडते म्हणाली. त्या दिवशी दुपारी आमच्या इमारतीवरून एक विमान गेलं, आणि मला पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा वाटला.

दिवस झाल्यावर मुलगा आमच्याकडे आला. टेम्पोत बाज होती. तीच, अंगणातली. त्याने आणि मी मिळून ती जिन्याने वर चढवली, हॉलमध्ये टेकवली. हॉलमध्ये आता सोफा की बाज, असा प्रश्न झाला, आणि सोफा गोडाऊनला गेला.

“टावरमदी जागा नाय म्हनून नाय आनली,” मुलगा म्हणाला. “आये सांगून ठेवलेली. बाज मोरावालीचं आंदान हाय, सासरी पोचवा म्हनली.”

मोरावाली आतल्या खोलीतून आली. आता तिला नीट दिसत नाही. तिने बाजेचा एक पाय हुंगला, दुसरा हुंगला, दोरी हुंगली. मग खाली शिरली, अंगाची गुंडाळी केली आणि एक लांब श्वास सोडला. मुलगा पाठ फिरवून जिना उतरून गेला.

आम्ही दोघं बसून राहिलो. बायकोच्या मांडीवर झालर होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्या संध्याकाळी मला ठेववेना. मी म्हणालो, “एक सांगू? हिने मला निवडलंबिवडलं काही नव्हतं. त्या दिवशी काकीने माझ्या खिशात बोंबील टाकला होता.”

बायकोने सुईत दोरा ओवला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तो शर्ट मी धुतला.”